ताईताभोवतीचे पतंग

दिवेलागणीला माझ्या मैत्रिणीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीत ती मान खाली घालून बसली होती आणि गळ्याभोवती करडे पतंग फडफडत होते. महाराज डोळे मिटून म्हणाले, "हिचा नवरा पतंगांच्या रूपानं भेटायला आलाय. हिनं या घराबाहेर पाऊल टाकलं, तर त्याचा आत्मा कायमचा भटकेल." लोकांनी हात जोडले.

आमची मैत्री शाळेपासूनची. नवरा जाऊन सात महिने झाले होते. शिलाई कारखान्यात काम मिळालं होतं, पण महाराजांनी गळ्यात ताईत बांधला आणि सासूनं तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली; लोक जमले की तेवढ्यापुरतं अंगणात आणायचे. रात्री खोलीतही खिडकीच्या गजांतून पतंग आत यायचे.

"अंगावर बसतात तेव्हा किळस येते," ती मला हळूच म्हणाली. "झटकले तर सासूबाई रडतात. म्हणतात, तो जवळ घेतोय तुला. खरंच तोच असेल का गं?"

मी एक पतंग चिमटीत धरला. मक्यावर पडणाऱ्या लष्करी अळीचा पतंग, आणि तोही नर. दुसरा, तिसरा, सगळे नरच. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे हे रोजचं. आणि महाराजांचा चेला गेल्याच महिन्यात माझ्याकडून पिकावरचे किडे पकडायच्या सापळ्याच्या गोळ्या घेऊन गेला होता. त्या मंडळींकडे वीतभर शेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी भर गर्दीत सासूला म्हणाले, "काकू, ताईत जरा काढा. मुलगा हिच्याकडे येतो की ताईताकडे, पाहू."

"ताईताला हात लावाल तर अनर्थ होईल," महाराज म्हणाले.

पण सासूलाच राहवेना. तिनं गाठ सोडली. ताईत मी अंगणाच्या टोकाला कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला. थोड्याच वेळात पतंग काठीभोवती जमले. मैत्रिणीच्या गळ्याशी एकही उरला नाही.

"महाराज, त्याचं काठीशी लग्न कधी लावलंत?" मागून कुणीतरी विचारलं.

मी ताईत उसवला. आत रबराची छोटी गोळी होती. "ही कामगंध सापळ्यातली. मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते, तसाच यात भरलेला असतो. आपल्याला तो जाणवत नाही. नर लांबून त्याच्या मागावर येतात आणि मादी शोधत इथेच घुटमळत राहतात."

महाराज केव्हा सटकले, कळलंही नाही.

"म्हणजे तो आलाच नव्हता?" सासूनं विचारलं.

"नाही, काकू."

सासूनं काठीकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "कारखान्यात किती वाजता पोचायचं असतं?"

दुःखातल्या माणसाला काहीही खरं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. पण भोवती उभे असलेले आपण तरी शुद्धीवर असतो. हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे घडतं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्याही दाराला कडी घालू देऊ नका.