अठ्ठ्याहत्तर किलोंच्या स्प्रिंगा

त्या काळी इटलीतल्या रोमान्यात डॉक्टर जीवघेणा आजार रोग्याला सांगत नसत. घरच्यांना बाजूला घेऊन सांगत. फेब्रुवारीत लेआर्कोच्या बहिणीला, आर्जियाला, आणि बायकोला, नेरीनाला, त्यांनी दवाखान्याच्या बोळात सांगितलं, की शरदात द्राक्षं उतरेपर्यंतही तो जगेल याचा भरवसा नाही. नेरीनाने आर्जियाकडून शपथ घेतली, "त्याला कळता कामा नये."

मार्चच्या पहिल्या रविवारी घाटातल्या शर्यतींचे गडी नेहमीप्रमाणे आर्जियाच्या गॅरेजात जमले. चामड्याचा पोशाख, बूट, हेल्मेट, सगळं चढवून एकेकाने धान्याच्या काट्यावर उभं राहायचं, आर्जियाने वजन मोठ्याने पुकारायचं आणि त्या वजनाला साजेशा स्प्रिंगा मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये घालायच्या. वडिलांपासूनची रीत होती.

"ओरेस्ते, एकशे चार! तुला ट्रॅक्टरच्याच स्प्रिंगा घालते आता."

"चामडं जड आहे गं!"

"चामड्याच्या आत काय भरलंय ते बघ आधी!"

गॅरेज हसलं. मग लेआर्को चढला. पोशाख अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. काट्याच्या दांडीकडे पाठ करून तो उभा राहिला. आर्जियाने दांडीवरचं वजन मागे सरकवलं, आणखी मागे. त्रेसष्टवर दांडी स्थिरावली.

"अठ्ठ्याहत्तर," तिने पुकारलं.

"बघा, गेल्या वर्षाएवढाच! नेरीना बिचारी उगाच मागे लागते, खा खा म्हणून."

सगळे दारू प्यायला अंगणात गेले. आर्जिया टेबलापाशी उभी राहिली. अठ्ठ्याहत्तरच्या, जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या तर एवढ्या हलक्या माणसाखाली त्या दबणारच नाहीत. वळणावर चाक उड्या मारेल, पकड सुटेल. बारीक तारेच्या घातल्या तर त्याच्या हातांना कळेल. हे हात तीस वर्षं हँडल धरत आले होते. तिने दोन्ही जोड्या हातात घेऊन पाहिल्या. शेवटी बारीक घातल्या. चुकीच्या स्प्रिंगांवर भावाला घाटात धाडणं तिला जमेना.

लेआर्को बंधाऱ्याच्या रस्त्याने एक फेरी मारून आला. गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"गेल्या महिन्यात मनगटांना दणके बसत होते. मला वाटलं, रस्ता खराब झालाय. आज चाक कसं जमिनीला धरून होतं."

"तेल बदललंय ना."

"आर्जिया. या अठ्ठ्याहत्तरच्या नाहीत."

ती फडक्याला हात पुसत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"किती भरलो?"

"त्रेसष्ट."

"आणि डॉक्टर?"

तिने सांगितलं. शपथ मोडून, सगळं. त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

"नेरीनाला माहीत आहे?"

"हो."

"मग मला कळलंय हे तिला सांगू नकोस. माझ्यासमोर हसायचं म्हणून ती दिवसभर धडपडते. मला कळलंय म्हटल्यावर तिला तेवढंही करता येणार नाही."

दुपारी तिघं जेवायला बसली. नेरीनाने त्याच्या थाळीत पुन्हा पळीभर वाढलं. "वजन टिकलंय म्हणे तुझं," ती म्हणाली.

"टिकलंय तर," म्हणत त्याने घास उचलला. आर्जियाने पाणी आणायच्या निमित्ताने उठून नळ सोडला, आणि बराच वेळ वाहू दिला.