आजीचा दुसरा शेवटचा दिवस

फ्रीजवर ती पोलिसाची पावती का लावलीय, असं विचारलंत ना? मग आता बसा. कोलाची घ्या हव्या तर, हे आमचे गोड भरलेले पाव, जर्दाळूच्या आहेत, पण मध्ये बोलू नका, नाहीतर माझं काहीतरी सुटेल. आजी समोरच्या शाळेत गेलीय, तीनपर्यंत येत नाही. ती असली की मला नीट सांगूच देत नाही, दर वाक्याला चुका काढते.

तर गेल्या वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, मी आजीला पावणेतीनशे मैल लांब फरशी पुसायला घेऊन गेले. एकदा नाही, दोनदा. एकाच आठवड्यात.

हसू नका, आधी कारण ऐका. माझे आजोबा, एमिल कुबेना, चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवायचे. दर पगारातून सरकार सोशल सिक्युरिटीचे पैसे कापून घ्यायचं. म्हणजे म्हातारपणी ते आपल्याला मिळतात आणि आपण गेलो की बायकोला मिळतात. त्याच वर्षी जानेवारीत आजोबा गेले. मग आजीला ते महिन्याचे अकराशे डॉलर मिळायला हवेत की नको? शेजारच्या काकूंना मिळतात, आणि त्यांनी जन्मात नोकरी केली नाही. पण आजी पडली शिक्षिका. एकतीस वर्षं तिसरी इयत्ता. आमच्याकडे शिक्षकांचं पेन्शन वेगळं असतं, ते सोशल सिक्युरिटीत पैसे भरत नाहीत. आणि कायदा असा की तुम्हाला असलं वेगळं पेन्शन असेल, तर त्याच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम नवऱ्याच्या पैशातून वजा. आजीचं गणित केलं तर उत्तर शून्य. ती पोरांना वजाबाकी शिकवायची ना, तिलाच सरकारने शिकवली.

आणि ते पैसे नसले तर हे घर राहत नव्हतं. कर, विमा, छप्पर, सगळं तिच्या एकटीच्या पेन्शनमध्ये बसेना. मामाने ह्यूस्टनला गॅरेजवरची खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. फिक्या गुलाबी रंगात. आजी म्हणाली, "त्या खोलीतून शाळेची घंटा ऐकू येते का?" मामा म्हणाला, "अगं, तिथे हायवे ऐकू येतो." तेवढ्यावर विषय संपला, पण खोली रंगवलेलीच होती.

पण कायद्यात एक फट होती. नोकरीचा तुमचा अगदी शेवटचा दिवस जर अशा शाळेत भरला, जिथे शिक्षकांचं पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी दोन्हीकडे पैसे कापतात, तर वजाबाकी माफ. एक दिवस. काम कुठलंही. आमच्या टेक्सासमधल्या सगळ्या शिक्षिकांना हे कुजबुजत कुजबुजत माहीत झालेलं. आणि ही फट तीस जूनला बंद होणार होती, कायमची.

मग काय, पंचवीस तारखेला, शुक्रवारी, आजोबांच्या पिकअपमधून आम्ही निघालो क्लार्डी नावाच्या गावाला. तिथल्या शाळेत असा एक दिवस देत होते. जाऊन बघते तर काय, चाळीस शिक्षिका आणि चौदा फडकी. पिन केलेले केस, मोत्यांच्या माळा, आणि सगळ्याजणी एका जिमची फरशी पुसतायत. तिथले मुख्य सफाईवाले होते ल्यूथर गेन्स. उंच, शांत, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. एक बाई दुसरीला म्हणाली, "तू माझी जागा पुसतेयस." ल्यूथर म्हणाले, "बाई, भांडू नका, मी बाहेरून जरा माती आणून टाकतो."

बऱ्याचजणी दुपारनंतर टेकून गप्पा मारत बसल्या. आजी नाही बसली. मी म्हटलं, "आजी, फरशीत तोंड दिसतंय आता, बस ना." तर म्हणाली, "दिवसाचा पगार घेतेय ना मी? मग दिवसभर पुसणार." संध्याकाळी ल्यूथरनी कागदावर सही दिली, आम्ही घरी आलो, मी मामाला फोन करून सांगितलं की ती गुलाबी खोली भाड्याने दे.

आता खरी गोष्ट.

बुधवारी सकाळी, तीस तारखेला, आम्ही इथेच, याच टेबलाशी बसलो होतो. आठ वाजून गेले होते. आजी कोलाचीवर लोणी फासत सहज म्हणाली, "काल मजा आली. त्या छोट्या मारेकला शेवटी हातचा घ्यायला जमलं."

मी म्हटलं, "कुठला मारेक?"

"उन्हाळी वर्गातला. काल मिसेस ओडमचा फोन आला होता, त्यांची बाई आजारी पडली. दोन तास घेऊन आले मी."

मिसेस ओडम म्हणजे समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माझ्या हातातला कप तसाच राहिला. "आजी, फुकट घेतलेस ना?"

"फुकट कशाला? तासाचे पैसे मिळतात. हजेरीवर सही करून आले."

मी कप खाली ठेवला. तिचीच सुरी लोण्यात थांबली. मला दिसत होतं, तिच्या डोक्यात गणित चाललंय. शेवटचा दिवस. शेवटचा दिवस आता क्लार्डीचा नाही राहिला. कालचा झाला. इथला. शुक्रवारची सगळी फरशी पाण्यात.

"पण त्यांनी बोलावलं," ती हळूच म्हणाली. "वर्गात पोरं बसली होती."

आता बोला. एकतीस वर्षं शाळेने हाक मारली की ही बाई रस्ता ओलांडून जाते. तिला दुसरं सुचणारच नाही.

मी म्हटलं, "थांब, सोपं आहे. ओडमबाईंना सांगू, ती सही खोडा. दोन तास फुकट घेतले म्हण."

"अॅडी." ती फक्त नाव घेते ना, तेव्हा मला तिसरीत बसल्यासारखं होतं. "मी सही केलीय. खोटी हजेरी लावू नका म्हणून मी किती पोरांचे कान धरलेत माहितीय?"

"आणि एक दिवस सफाईवाली झालीस ते खरं होतं?"

"म्हणूनच तर दिवसभर पुसलं."

मी ल्यूथरना फोन लावला. ते म्हणाले, "आजची शेवटची पाळी एकला सुरू होते, पाचला संपते. एकच्या आत हजर पाहिजे. एकनंतर माझ्या आईलासुद्धा घेणार नाही." घड्याळात साडेआठ. पावणेतीनशे मैल. आजीने हात पुसले, मोत्यांची माळ घातली, आणि कोलाचीचा डबा घेतला. भांडी तशीच. माझ्या आयुष्यात आजीने भांडी तशीच टाकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या पिकअपला एसी नाही. साठच्या वर गेलं की आरसा थरथरतो, सत्तरच्या वर गेलं की आजी थरथरते. खिडक्या उघड्या, गरम वारा, आजीचे केस सगळे उभे, आणि ती मैलांच्या पाट्या बघून सारखं मोठ्याने गणित करतेय. "अजून एकशे बारा मैल, एक तास पन्नास मिनिटं, तर ताशी किती?" मी म्हटलं, "आजी, मी चालवतेय, गणित तू कर." ती म्हणाली, "तुला तिसरीतही हे जमायचं नाही."

आणि मागे लाल-निळे दिवे.

मी गाडी बाजूला घेतली. पोलीस आला, तरुणच होता, टोपी काढली. "किती वेगात होतात, कल्पना आहे?"

मी तोंड उघडते तोवर आजी म्हणाली, "ब्याऐंशी. मी काट्याकडेच बघत होते."

मी आजीकडे बघितलं. पोलिसानेही आजीकडे बघितलं. मोती, मांडीवर डबा, पायाशी रबरी हातमोजे. तो म्हणाला, "शिक्षिका का?"

"तिसरी."

"क्लार्डी?"

"एकच्या आत."

तो म्हणाला, "सकाळपासून तुम्ही चौथ्या. बाकी तिघींनी मला सांगितलं काटा बिघडलाय. त्यांना मी नुसती ताकीद देऊन सोडलं. पण तुम्ही तर आकडाच सांगितलात, बाई, आता मी काय करू?"

"लिही," आजी म्हणाली. "पण भराभर लिही."

शपथेवर सांगते, तो लिहीत असताना ती खिडकीतून वाकून बघत होती, ओळीत लिहितोय का ते. नऊ मिनिटं गेली. जाताना त्याने एक कोलाची घेतली. तीच ही पावती.

एकला सहा मिनिटं कमी असताना आम्ही क्लार्डीला पोचलो. आजी धावली. एकोणसत्तर वर्षांची बाई, हातात डबा, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे तिने आयुष्यभर पोरांना "धावू नका" सांगितलं. ल्यूथर दारातच होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, आजीला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कुबेनाबाई, वेळेत आलात. पण काम नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे महिनाभर तुम्ही बायका घासताय. खिडक्या झाल्या. फळे झाले. बाकांच्या खालचं च्युइंगगमसुद्धा खरवडून झालं. परवा दोघीजणींनी झेंड्याचा खांब पॉलिश केला. आणि काम न करता दिवस भरल्याची सही मी देत नाही. माझं नाव जातं त्या कागदावर."

मी रडायच्या बेतात होते. मी म्हटलं, "मिस्टर गेन्स, प्लीज, नुसती सही द्या ना, तिचं घर जाईल हो."

आजी म्हणाली, "अॅडी, गप. ते बरोबर बोलतायत." मग त्यांच्याकडे वळून, "असं काय आहे जे कुणीच केलं नाही?"

ल्यूथर कमरेच्या किल्ल्या चाळत राहिले. भिंतीवरचा काटा एकवर चालला होता. मग म्हणाले, "एक आहे. पण ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटते."

स्वयंपाकघराच्या मागे जमिनीत एक टाकी होती. भांडी धुतलेलं पाणी तिच्यातून जातं आणि वर चरबी साचते. वर्षभराची. पाचशे पोरांच्या तळणाची. ल्यूथर ती दर ऑगस्टमध्ये स्वतः उपसायचे, नाकाला रुमाल बांधून. त्यांनी झाकण उचललं आणि मी थेट कुंपणापर्यंत गेले. सांगत नाही, तुम्ही खाताय.

आजीने माळ काढून माझ्या हातात दिली, हातमोजे चढवले, आणि म्हणाली, "झारा आहे का मोठा?"

चार तास. थर काढायचा, बादलीत टाकायचा, परत थर. ल्यूथर बादल्या वाहत होते. मी कुंपणापाशी उभी राहून तिला पाणी द्यायचे, श्वास रोखून पळत जायचं आणि पळत यायचं. मध्येच ती थांबली. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाली, "एमिलच्या टँकरलाही असाच वास यायचा उन्हाळ्यात. दूध नासलं की. तो घरी आला की मी त्याला अंगणातच उभा करायची." आणि परत झारा घातला.

पाचला टाकीचा तळ दिसला. ल्यूथरनी वाकून टॉर्चने पाहिलं. म्हणाले, "मी इतकी वर्षं काढतोय, हा तळ करडा आहे हे मला माहीत नव्हतं." कागदावर 'केलेलं काम' असा रकाना होता. आजीने फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, 'चरबीची टाकी. पूर्ण.' तारीख घातली, सही केली. ल्यूथरनी त्याखाली सही केली आणि पेन तिलाच देऊन टाकलं.

परत येताना खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागल्या, सांगायला नकोच. अर्ध्या वाटेत माझा मोबाइल वाजला. मिसेस ओडम. मी सांगत होते, "उचलू नको, आजी, मी सांगते, उचलू नको." तिने घेतला.

"उद्या पण?" ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. मला नुसतं स्टिअरिंग दिसत होतं. एक दिवसाचा पगार, एक सही, आणि परत सगळं मुसळ केरात. आणि आता तर उद्या तारीखही गेलेली.

"येते," आजी म्हणाली.

मी ब्रेकच मारला.

"पण ऐक. हजेरीपटावर माझं नाव दिसलं, किंवा माझ्या नावाने एक डॉलर जरी निघाला, तर मी तुला क्लार्डीला पाठवीन. तिथे एक टाकी आहे."

सप्टेंबरमध्ये सरकारचं पत्र आलं. वजाबाकी माफ. आजोबांचे अकराशे पूर्ण येतात. मामाने गुलाबी खोलीत व्यायामाचं मशीन ठेवलंय. दंड मात्र आजीने मला भरू दिला नाही. निम्मा तिचा, निम्मा माझा, कारण आकडा तिने सांगितला आणि गाडी मी चालवत होते.

आणि शाळेत ती रोज जाते, दोन तास. हजेरीवर तिचं नाव नाही. दारापाशी पाहुण्यांची वही असते ना, तिच्यात सही करून आत जाते. त्यात 'कोणाला भेटायचंय' असा रकाना आहे. मी एकदा उलटून पाहिली ती वही. पानामागून पान, रोजची तारीख, आणि त्या रकान्यात तिचं ते फळ्यावरचं अक्षर: 'तिसरी इयत्ता. सगळ्यांना.'