दारातलं पाणी

ताईने व्हॅनचं दार लावलं आणि आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. तिने दार उघडून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“दारात कोणी मासे पाळलेत का?” ती म्हणाली.

मी हसले, पण तिचा चेहरा उतरला होता. परवा गाडीचं पासिंग होतं. तपासनीस हातोडीने खालचा पत्रा ठोकून बघतो. पत्रा सडलेला निघाला तर गाडी भंगारात जाणार, आणि मग ताईचं रोपं पोचवण्याचं कामही बंद. पुन्हा त्या जुन्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं. तिथल्या मालकिणीचं नाव निघालं तरी ताईच्या कपाळाला आठी पडते.

“पण बाबांनी तर केवढं केलंय गाडीला,” ती हळूच म्हणाली.

खरंच केलं होतं. बाबांची सगळी नोकरी होड्यांच्या कारखान्यात फटी बुजवण्यात गेली. ताईने ही जुनी व्हॅन आणली तेव्हा ते गाडीच्या पोटाखाली आडवे झाले ते असे, की जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची. गंज खरवडला, लाल रंग दिला, त्यावर डांबरासारखा काळा थर चढवला.

मी खाली वाकून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कड एकसंध, गुळगुळीत होती.

“बाबा, इथे बारीक भोकं होती का हो?” मी बाबांना हाक मारून बोलावलं आणि विचारलं.

“होती की. गाडीच्या कारखान्यातूनच तशी आलेली. कसला गचाळ कारभार!” बाबा म्हणाले. “सगळी बुजवली. एक सोडलं नाही.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “बोला, प्रोफेसरीणबाई.”

बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. मी तांब्याभर पाणी दाराच्या काचेवरून ओतलं. थोडं बाहेरून ओघळलं, बाकीचं काचेलगतच्या रबरामधून आत गेलं. बाबा खाली वाकून पाहत राहिले. आत गेलेल्या पाण्यातला थेंबही दाराखालून पडला नाही.

“गेलं कुठे?”

“आतच आहे. पाऊस पडला, गाडी धुतली की असंच आत जातं. त्या भोकांतून ते बाहेर पडायला हवं.”

बाबांनी दाराला कान लावला आणि बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत आले. एका जागी आवाज बसका झाला. तिथे त्यांनी खडूने रेघ ओढली.

“इथपर्यंत भरलंय,” ते म्हणाले. आणि मग, “म्हणजे गंज मी आतच कोंडला.”

“तसं नाही हो बाबा,” ताई म्हणाली.

“तसंच आहे.”

ते टोच्या घेऊन दारापाशी बसले, पण टोच्या मांडीवरच राहिला. “आयुष्यभर भोकं बुजवली गं. हात उठत नाही.”

मी टोच्यासाठी हात पुढे केला. ताईने डोळ्यांनीच मला थांबवलं.

बाबा बराच वेळ त्या खडूच्या रेघेकडे बघत होते. मग स्वतःशीच पुटपुटले, “होडी जमिनीवर ओढली, की आधी बूच काढायचं. साचलेलं पाणी जाऊ द्यायचं.” त्यांनी मान वर केली. “आणि ही बया तर कायमच जमिनीवर!”

टोच्या आत गेला. खाली ठेवलेल्या घमेल्यात तपकिरी पाणी पडू लागलं, आधी धार, मग थेंब. आम्ही तिघंही ते थांबेपर्यंत बघत बसलो. बाकीची दारंही तशीच मोकळी केली. मग दारांची आतली आवरणं काढून, टॉर्चच्या उजेडात पाहिलं. गंज होता, पण पापुद्र्याएवढाच. ब्रशने घासल्यावर खाली पत्रा चमकला. दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं ठणठणीत झाल्यावर बाबांनी आतून मेणाचा पातळ हात मारला; प्रत्येक भोकात काडी घालून ठेवली होती, मेणाने बुजू नये म्हणून.

पासिंगला आम्ही तिघंही गेलो. तपासनीस ठोकत ठोकत गाडीभोवती फिरला. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. शेवटी त्याने दारांखाली बोट फिरवलं.

“भोकं मोकळी ठेवलीत, छान,” कागदावर शिक्का मारत तो म्हणाला. “नाहीतर लोक बुजवून टाकतात.”

“लोकांना कळत नाही हो,” बाबा गंभीरपणे म्हणाले.

ताई पटकन व्हॅनच्या मागे गेली. तिचं हसू आवरेपर्यंत मी बाबांना तिथेच बोलण्यात गुंतवून ठेवलं.