नानांना किती दिसतात

आमच्याकडे आंधळ्या माणसाला राजाच्या आसनावर ठेवत नाहीत. माझा भाऊ आमोआतेंग आमचा राजा; राजाला आम्ही नाना म्हणतो. त्याची उजवी पापणी रोज दुपारनंतर मिटायला लागली, तेव्हा ओपानिन अदूसे या सगळ्यांत म्हाताऱ्या पंचानं लगेच पंचांची बैठक बोलावली. तीही मुद्दाम संध्याकाळची.

मी राजमाता; आमच्यात हे पद राजाच्या बहिणीलाही मिळतं, आणि मी तर मोठी बहीण. भावाला न विचारता कुमासीच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मानाची काठी घेऊन ओचामे, म्हणजे राजाचा प्रवक्ता, डोंकोर आला. राजा परक्याशी थेट बोलत नाही. तो पुटपुटतो आणि ओचामे तेच मोठ्यानं, जरा नीटनेटकं करून सांगतो. त्यावरच त्याचं पोट चालतं.

डॉक्टर सेरवानं एक बोट समोर धरलं. "किती दिसतात?"

भाऊ पुटपुटला.

"नाना म्हणतात, एक. आणि बोट देखणं आहे," डोंकोर म्हणाला.

बोट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, वर गेलं. ते एकच राहिलं, फक्त अधिकाधिक देखणं होत गेलं.

"नजर उत्तम आहे," म्हणत डॉक्टर लिहायला लागली.

माझे कान अजून शाबूत आहेत. "खोटं! तो दर वेळी दोन म्हणतोय!"

"राजमाते, बोट एकच होतं," डोंकोर शांतपणे म्हणाला. "नानांची चूक माझ्याच तोंडून बाहेर पडली, तर मला पोसायचं कशाला?"

"अरे मेल्या, ती चूक दाखवायलाच तर इतक्या लांब आलोय! झाकली मूठ घरी ठेव."

डॉक्टरनं भावाचा एक डोळा झाकला. या वेळी तो स्वतः बोलला, "एक." दुसरा झाकला. "एक." दोन्ही उघडे ठेवले तेव्हा म्हणाला, "दोन." मला त्याची फार दया आली.

मग तिनं हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर धरला. काढला, तर पापणी वर.

"मायस्थेनिया," ती म्हणाली. "डोळा चांगला आहे. मेंदूचा निरोप नसेतून येतो, पण स्नायूपर्यंत धड पोचत नाही. थकलं की पापणी पडते, एकाचे दोन दिसतात. गोळ्या देते. रक्त आणि छाती तपासू. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर तडक इकडे या."

निरोप मध्येच बिघडतो म्हटल्यावर मी डोंकोरकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

बैठकीच्या वेळी पापणी पुन्हा अर्धी खाली होती. अदूसेनं विचारलं, "नानांना दिसतं का?"

भाऊ पुटपुटला. डोंकोरनं काठी पुढे टेकवली. आता हा काय सजवतो म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"नाना म्हणतात," तो म्हणाला, "सकाळी नीट दिसतं. संध्याकाळी एकाचे दोन दिसतात. हा आजार आहे, औषध चालू आहे. ठरवा." आणि थांबला. पुढे एक शब्द जोडला नाही.

अदूसेनं बाकीच्या पंचांकडे पाहिलं, त्यांनी माना हलवल्या.

"याला आंधळेपण म्हणत नाहीत," तो म्हणाला. "यापुढे बैठक सकाळी भरेल."

राजमातेनं पंचांसमोर रडायचं नसतं. मी रडले.