दारावरची गवताची गाठ

त्या वर्षी सा येनचं पिंप मनासारखं लागलं होतं. कापड रंगवायच्या निळीचं पिंप म्हणजे दुभती म्हैस. सवयीच्या हाताला पान्हा सोडते, परक्याने हात लावला की लाथ घालते. म्हातारी रोज पहाटे झाकण काढून आधी वास घ्यायची, मग करंगळी बुडवून जिभेला लावायची. तिखट लागलं तर घोटभर तांदळाची दारू, बेचव लागलं तर भाताच्या काडाच्या राखेचं पाणी. वर तांबूस साय धरली होती आणि सायीखाली पाणी हिरवट पिवळं होतं. असं पिंप आयुष्यात चार-पाचदाच जमतं, असं ती म्हणायची, पण तेही अंगणात जाऊन म्हणायची. पिंपासमोर त्याची स्तुती केली की ते माजतं.

तिचं स्वतःचं नाव वेगळं होतं. पण दक्षिण चीनच्या डोंगरांतल्या आमच्या दोंग लोकांच्या गावांत नातवंड झालं की माणसाचं जुनं नाव गळून पडतं. येन जन्मली त्या दिवशी ती सा येन झाली, येनची आजी. आता ती येन ग्वांगतुंगच्या कारखान्यात बुटांना तळवे चिकटवत होती आणि अकराव्या महिन्यात तिचं लग्न होतं. लग्नाचं वीस हात कापड आजीने हातमागावर विणलं होतं. त्याला निळीत छत्तीस बुडव्या द्यायच्या होत्या, निम्म्याच्या आसपास झाल्या होत्या. दिवसाला तीन बुडव्या, मधे नदीवर धुणं, वाळवणं. मग मोगरीने कुटायचं, अंड्याचं पांढरं लावायचं, पुन्हा कुटायचं. तेव्हा कुठे कापड वांग्याच्या सालीसारखं चमकतं. आणि हे सगळं थंडी उतरायच्या आत व्हायला हवं, कारण थंडीत पिंप झोपतं. थंडी बारा-तेरा दिवसांवर आली होती.

नेमका त्याच वेळी क्वांगल्यांग आला.

क्वांगल्यांग गावसमितीचा सचिव, तिच्या नवऱ्याचा पुतण्या. लहानपणी तो तिच्याच पाठीवर बांधलेला असायचा. आता त्याच्या खिशात दोन फोन होते आणि तो बोलता बोलता दोन्हीकडे बघायचा. शहरातल्या शाळेची ऐंशी मुलं अभ्यास सहलीला येणार, असं त्याने सांगितलं. विषय होता आपलं कापड आणि आपली रीत. गावचा ढोल टांगलेल्या ढोलबुरुजापुढच्या चौकात त्याने भुकटीच्या रंगाचा एक प्लॅस्टिकचा ड्रम ठेवला होता. त्यात मुलं रुमाल बुडवतील आणि अर्ध्या तासात घेऊन जातील. पण शाळेला खरं पिंपही बघायचं होतं, आणि खरं पिंप गावात तिचंच उरलं होतं.

म्हातारीने नाही म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हाही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तो आंबवलेला मासा घेऊन आला आणि चुलीपाशी बसून राहिला. शेवटी ती कंटाळून म्हणाली, की दारातून बघतील, उंबरा ओलांडणार नाहीत.

"सा, उंबऱ्याला पायसुद्धा लागणार नाही," तो म्हणाला.

"तुझा शब्द तू पाठीवर होतास तेव्हापासून ओला आहे," म्हातारी म्हणाली. पण कबूल झाली.

सहलीच्या दिवशी सकाळी तिने गवताची तीन पाती घेतली, त्यांची गाठ वळली, टोकं वर ठेवली आणि पिंपाच्या खोलीच्या दारावर अडकवली. ही गाठ लागली की आत जायचं नाही. बाळंतिणीच्या दारावर असते, पेरलेल्या वाफ्यावर असते, तोडून ठेवलेल्या लाकडांवर असते. तीन दऱ्यांतलं शेंबडं पोरही ती ओळखतं. म्हणून ती लावली की कुणी राखण बसत नाही.

पहिली चाळीस मुलं आली. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. बरोबर थाओ नावाच्या शिक्षिका होत्या, भल्या बाई, पण घड्याळाला बांधलेल्या. मुलं दारात दाटीने उभी राहिली. एकाने विचारलं, पाणी किती अंशांवर ठेवता. क्वांगल्यांगने ते दोंगमध्ये सांगितलं, तेव्हा म्हातारीने करंगळी बुडवून जिभेला लावली. मुलांनी नाकं मुरडली, दोघाचौघांनी फोटो काढले. दोन हजार वर्षांची परंपरा म्हणून क्वांगल्यांगने भाषण सुरू केलं. म्हातारीला शाळेतली चिनी फारशी कळत नसे, पण तो बोलतोय म्हणजे वेळ खातोय, एवढं कळत होतं. दुसरी बुडवी खोळंबली होती.

घोळक्यात रुओथुंग नावाची एक चष्मेवाली, हडकुळी मुलगी होती. बाकीचे पिंप बघत होते, ती दाराकडे बघत होती. तिने बोट दाखवून विचारलं, हे गवताचं काय आहे.

क्वांगल्यांगच्या एका फोनवर दुसऱ्या गटाचा निरोप आला होता. नजर न उचलताच तो म्हणाला, "ते होय. शुभ असतं. नशीब उघडतं."

मुलं निघाली. म्हातारीने दुसरी बुडवी दिली, ओलं कापड टोपलीत घातलं आणि नदीवर गेली. आपल्या मागे दार उघडं आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. दारावर गाठ होती ना.

कापड धुवायला तासभर लागला. परत येताना छपराच्या पुलावरच तिला आपल्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. तिने पाय उचलले, पण सत्तरीचे गुडघे, किती उचलणार.

दुसऱ्या गटाची मुलं पिंपाभोवती होती. एकाने मोगरी उलटी धरून पाणी घुसळलं होतं, निळा फेस काठावरून जमिनीवर आला होता. दोन मुलींचे हात कोपरापर्यंत आत होते. तिघांनी टोप्या बुडवल्या होत्या. चौकातून निघताना शाळेने सगळ्यांच्या हातांवर जंतू मारायचं ते औषध ओतलं होतं, त्याचा वास खोलीभर होता. पिंप जगतं तेच मुळी अशा जंतूंवर, हे कुणाच्या पुस्तकात नसावं.

समोरच्या ओट्यावर शेजारचा म्हातारा कोंग तांग चिलीम ओढत आरामात बसला होता. म्हातारीने टोपली टाकली आणि त्यालाच विचारलं, डोळे फुटले का तुझे.

"गाठ नव्हती," तो म्हणाला. "गाठ नाही म्हणजे तूच बोलावलं असशील. मी कशाला मधे पडू?"

तिने वळून बघितलं. दारावर खिळा होता, गाठ नव्हती.

मुलं तिचा चेहरा बघून एकेक करून बाहेर सरकली. म्हातारीने पाण्यात करंगळी बुडवली, जिभेला लावली. काहीच चव नव्हती. सायीचा पत्ता नव्हता. वरपासून खालपर्यंत पाणी निळंशार झालं होतं, चित्रात दाखवतात तसं सुंदर. पिंप निळं झालं म्हणजे मेलं. तरी तिने दारू ओतली, राखेचं पाणी ओतलं, झाकण लावलं, त्यावर घोंगडी टाकली. मेलेल्या माणसालाही आपण पांघरूण घालतोच.

मग जो तो कारण घेऊन आला. थाओ बाई फार हळहळल्या. दुसरा गट त्यांचा नव्हता आणि त्या गटाचे गुरुजी चौकात रुमाल मोजत होते. मुलं म्हणाली, दार उघडं होतं. कोंग तांग म्हणाला, गाठ नव्हती. क्वांगल्यांग म्हणाला, पाटी लावायला हवी होती, सा, आजकाल गवत कोण वाचतं. आणि वर म्हणाला, की चौकातला ड्रम अर्धा भरलेला आहे, उरलेल्या बुडव्या त्यात देऊन टाक. रंग निळाच की.

एखाद्या एकाचा अपराध असता तर म्हातारीने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे प्रत्येकाजवळ आपापला चांगला जबाब होता आणि सत्तावीस बुडव्यांचं कापड टोपलीत ओलं पडलं होतं. राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

गाठीची बोंब खालपर्यंत पोचली होती. तेवढ्यात ती चष्मेवाली पोर अंगणात आली. बस सुटायची होती, खालून भोंगा वाजत होता. तिने दप्तर उघडलं, वहीच्या पानांत जपून ठेवलेली गाठ काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. ती क्वांगल्यांगकडे बघून काहीतरी बोलली. त्याची मान खाली गेली.

"काय म्हणते ती?" म्हातारीने विचारलं.

कोंग तांग जवानीत मीठ विकत शहरापर्यंत जायचा, त्याला शहरची बोली कळायची. त्याने सांगितलं, "ती म्हणते, हा म्हणाला नशीब उघडतं. म्हणून पुढच्या परीक्षेसाठी घेतली. आत जाऊ नये असं असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही."

आता राग कुठे ठेवायचा ते म्हातारीला कळलं. तिने गाठ घेतली, पोरीच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि पायऱ्या उतरू लागली. क्वांगल्यांग मागोमाग विचारत होता, कुठे चाललीस, सा. खाली दोन्ही बसगाड्या एकामागे एक उभ्या होत्या. रस्ता एकच, पुढची हलल्याशिवाय मागची निघत नाही. म्हातारीने पुढच्या बसच्या आरशाला गाठ अडकवली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

ड्रायव्हर वू खालच्या दरीतला दोंग माणूस. त्याने गाठ बघितली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बिडी पेटवली.

शहरच्या गुरुजींना वाटलं, गाडी बिघडली. त्यांनी विचारलं, मग ओरडले. वू शांतपणे म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, पण लावणाऱ्याने सोडल्याशिवाय मी हलवणार नाही, मला याच रस्त्याने रोज जायचं आहे. गुरुजी म्हणाले, मग मीच काढतो. वूने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी हात खिशात घातला. ऐंशी मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती.

क्वांगल्यांग म्हातारीसमोर उकिडवा बसला. "सा, माझी लाज जाते आहे. तालुक्याला कळलं तर?"

"पिंप कुणी मारलं?"

"त्या पोरांनी."

"कुणी मारलं?"

त्याने दोन्ही फोन खिशात टाकले. "मी," तो म्हणाला.

"मग रीत तुला ठाऊक आहे."

त्याला ठाऊक होती. ज्याच्यामुळे पिंप मरतं, त्यानेच दुसऱ्या जित्या पिंपाचं विरजण मागून आणायचं, पायी, हातात दारूची सुरई आणि चिकट भाताची टोपली घेऊन, आणि ज्या घरी मागायचं तिथे काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. जवळचं जितं पिंप वरच्या पाड्यावर, सा हुईकडे. चढ तासाभराचा. आणि सा हुई अशी, की सांगितलेली गोष्ट ती सात गावांत पोचवणार.

तो गेला. शहरी बूट घालून गेला. मुलांना भूक लागली, तशा गावातल्या बायकांनी भाजलेल्या तांदळाचा चहा उकळला. थाओ बाई म्हातारीशेजारी येऊन दगडावर बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे बरं चाललं. रुओथुंगने गवत उपटून आणलं आणि कोंग तांगकडून गाठ वळायला शिकली. चौथ्यांदा जमली. कोंग तांग म्हणाला, टोकं खाली ठेवलीस तर कुणी मानणार नाही, वर ठेव. त्या दिवशी त्या सहलीत कुणी काही शिकलं असेल तर एवढंच.

दिवस कलता क्वांगल्यांग खुरडत उतरला. हातात झाकलेली बादली. सा हुईने ते सगळं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं, तिसऱ्यांदा सुनांना बोलावून. म्हातारीने झाकण उचलून वास घेतला, मान हलवली, मग उठून आरशावरची गाठ सोडली. वूने बिडी विझवली. बसगाड्या गेल्या.

विरजण लावलं म्हणून दही लागतंच असं नाही. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. डोंगरावरून वारा सुटला, म्हातारीने आपली गोधडी काढून पिंपाला गुंडाळली आणि स्वतः राखेत पाय खुपसून झोपली. क्वांगल्यांग रोज येऊन विचारायचा. ती पिंपावरची घोंगडी सारखी करायची. त्याने दारावर लाल अक्षरांची पाटी ठोकली होती. म्हातारीने कोंग तांगला विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, मला काय माहीत, मी मीठ विकायचो. तिने पाटीच्याच खिळ्याला गाठ अडकवली.

पाचव्या सकाळी काठाशी एक बुडबुडा आला. करंगळीला किंचित तिखट लागलं. तिने चिंधी बुडवली. चिंधी हिरवी निघाली आणि वाऱ्यावर निळी झाली, पण पातळ, सकाळच्या आभाळासारखी. तिला अमावस्येची रात्र हवी होती. जुन्या पिंपात उरलेल्या नऊ बुडव्यांचं काम आता वीसमध्येही होणार नव्हतं आणि थंडीला पाचच दिवस उरले होते. दिवसाला चार दिल्या तरी पिंप दमणार.

येनचा फोन आला होता. ती म्हणाली, आजी, फिकं असलं तर असू दे, लग्नात कोण बघतं.

"मी बघते," म्हातारी म्हणाली, आणि फोन दाराशी उभ्या कोंग तांगच्या हातात देऊन तिने बाह्या सारल्या. वीस हात कापड तिने पाण्यात सोडलं, हवा लागू न देता, हळूहळू. बाहेर क्वांगल्यांग येऊन उभा होता. गाठ बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि तिथूनच त्याने विचारलं, नदीवर टोपली मी नेऊ का.

आतली बुडवी संपली. मग ओल्या कापडाची टोपली उंबऱ्यापर्यंत सरकत आली.