कुजक्या बर्फातला उतार

रात्री गारठा पडलाच नाही. इंगुनने सकाळी खिडकीतून हात बाहेर काढला तेव्हाच तिला कळलं, आज डोंगरावर हाल आहेत. मे महिन्यात अशा उबदार रात्रीनंतर बर्फाला वरची कडक साल धरत नाही; ऊन चढलं की तो कुजतो, त्याची नुसती लापशी होते. हेर्दिसला फोन करून आजची स्कीवरची चढाई राहू दे म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण हेर्दिसने तब्बल दोन हिवाळ्यांनंतर बोलावलं होतं. नाही म्हटलं तर ती पुन्हा बोलावेल याची खात्री नव्हती.

इंगुनच्या गुडघ्याचं ऑपरेशन होण्याआधी वीसेक वर्षं दोघींनी फियोर्डच्या, डोंगरांत खोल शिरलेल्या त्या खाडीच्या, आजूबाजूचा एकही डोंगर सोडला नव्हता. तेव्हा इंगुन पुढे असायची आणि हेर्दिस मागून कुरकुरत यायची. आता हेर्दिसबरोबर तिच्या ऑफिसातला आयविन होता आणि त्याची बायको तुवा. दोघंही तिशीतली, काटक, बोलायला गोड. भूर्जाच्या झाडीपर्यंत चौघं बरोबर चालली. मग उतार उभा झाला आणि बघता बघता तिघं वर ठिपक्यांएवढी दिसायला लागली.

चढावर स्की मागे घसरू नयेत म्हणून तळाला लावलेल्या केसाळ पट्ट्यांना बर्फ चिकटत होता. दहा पावलांत तळाला गोळा धरायचा आणि पाय बादली बांधल्यासारखा जड व्हायचा. ती थांबून खरवडायची, मेण घासायची, पुन्हा दहा पावलं. अंगातला लोकरी बनियन ओलाचिंब झाला होता. वर तिघं दगडावर बसून संत्री सोलत तिची वाट बघत होती.

"थकलीस का गं?" ती पोचल्यावर हेर्दिसने विचारलं.

"छे. पट्ट्यांना गोळे धरतायत."

"मेण लावलंस?"

"लावलं की."

"मग बरं," असं म्हणून हेर्दिस उठली, तिच्यामागे बाकीचे दोघेही उठले. प्रत्येक टप्प्यावर हेच चाललं होतं. ती पोचली की त्यांची विश्रांती संपायची आणि तिची सुरूच व्हायची नाही. संत्र्याच्या दोन फोडी तुवाने तिच्या हातावर ठेवल्या. त्या तिने उभ्याउभ्या खाल्ल्या.

खिंडीच्या खाली आयविन हेर्दिसशी हळू आवाजात बोलत होता. वारा नव्हता, त्यामुळे ऐकू आलं. "या वेगाने गेलो तर वर पोचेपर्यंत उतारावरचा बर्फ सुटून खाली यायला लागेल. मग काही खरं नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. चुकीचं असतं तर इंगुनला रागावता तरी आलं असतं.

"माझी टाच सोललीय," ती म्हणाली. "मी इथूनच फिरते. तुम्ही व्हा पुढे."

"दाखव बघू."

"आता बूट कुठे काढत बसू?"

"मग मी येते खाली तुझ्याबरोबर," हेर्दिस म्हणाली. पण तिच्या स्कीची टोकं वर माथ्याकडेच वळलेली होती.

"वेडी आहेस का? इथवर येऊन?"

हेर्दिसने फार आग्रह केला नाही. त्यांना पलीकडच्या दरीत उतरायचं होतं, आयविनची दुसरी गाडी तिकडे होती. "पोचलीस की कळव," ती म्हणाली, आणि तिघं निघाली. इंगुन त्यांच्याकडे बघत उभी राहिली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. चढावर कोणी वळतही नाही म्हणा.

उतार तिने पुष्कळ पाहिले होते, पण आज पाय ऐकत नव्हते. बर्फ गुडघ्याएवढा खोल आणि ओला; वळायला जावं तर स्की रुळात अडकल्यासारखी सरळच जायची. ओढ्यावर साचलेलं बर्फाचं छप्पर तिच्याखाली खचलं. ती कमरेपर्यंत आत गेली आणि एक स्की सुटून कुठेतरी गडप झाली. पाठीवरचं फावडं काढून ती खणत बसली. खाली पाणी खळखळत होतं, मोज्यांत शिरत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हेर्दिसचा निरोप होता: "माथ्यावर आहोत. तू हवी होतीस. टाच कशी आहे?"

इंगुनने ओल्या बोटांनी लिहिलं, "ठीक. गाडीपाशी उन्हात कॉफी पितेय." फोन खिशात ठेवला आणि पुन्हा खणायला लागली. स्की सापडली ती तिच्या अगदी मागे, हाताच्या अंतरावर. बराच वेळ ती भलत्याच बाजूला खणत होती.

बर्फ संपल्यावर स्की खांद्यावर टाकून ती चिखलातून उतरली. पहिल्याच शेताशी एक म्हातारा मेंढ्यांचं कुंपण ठोकत होता.

"असल्या बर्फात कोण जातं वर?" तो म्हणाला.

"माझ्यासारखे मूर्ख."

"एकटीच होतीस?"

"चौघं होतो."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"गेले पुढे."

त्याने हातोडी खाली ठेवली. "चुलीवर कॉफी आहे, पोरी. ये, टेक जरा."

छप्पन वर्षांच्या इंगुनला पोरी म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. तरी सवयीने ती म्हणाली, "नको. तुमचं काम अडेल. गाडी जवळच आहे."

"बरं," म्हणून तो पुन्हा ठोकायला लागला. गाडीपर्यंत पोचेस्तोवर तिला तो ठकठक आवाज येत होता. आत बसल्यावर परत जावं असं तिला फार वाटलं. पण काय म्हणून जायचं, ते सुचेना. तिने गाडी सुरू केली.

संध्याकाळी हेर्दिसचा फोन आला. आवाज खुशीत होता. "पुढच्या रविवारी जमतंय का? आपण सोपा डोंगर घेऊ."

"माझ्यासाठी सोपा घेऊ नका," इंगुन म्हणाली. "मला आता तुमच्याबरोबर चालणं होत नाही, हेर्दिस."

"माहीत आहे मला," हेर्दिस म्हणाली. मग तिने विचारलं, तुझ्याकडे बटाटे लावून झाले का? इंगुनने सांगितलं, अजून नाही, माती फार ओली आहे. त्यावर दोघी थोडं बोलल्या. फोन ठेवल्यावर इंगुनने पिळून ठेवलेले मोजे स्टोव्हवरच्या दोरीवर वाळत घातले आणि पाव कापायला घेतला.