आईवरचं गाणं

केशरबाईंनी माइक बाजूला सारला आणि त्या घोटभर कोमट पाणी प्यायल्या. आंबिवलीच्या विहारात पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंजीवर ताठ बसल्या होत्या. तरुणपणी स्वतः रचून स्वतःच गायलेल्या गाण्यांची आपली एकुलती एक कॅसेट कुणी विकत घेतली असेल, यावर केशरबाईंचा कधीच विश्वास नव्हता. इथे ती सगळ्यांना तोंडपाठ होती.

महिला मंडळाची प्रियांका त्यांना घ्यायला थेट कोपरला आली होती. वाटभर तिने एकेका ओळीचं इतकं कौतुक केलं, की केशरबाईंना लाजून बाहेर बघावं लागलं. आई भाकऱ्या थापताना तुमचीच गाणी लावायची, असंही म्हणाली. आणि खरंच, गाणी होतीच तशी. शेण, पाणी, बाळंतपण सगळं त्यात, पण रडगाणं कुठेच नाही. असं लिहायला छाती लागते.

पण केशरबाई कौतुकासाठी आल्याच नव्हत्या. कॅसेटमधल्या आईवरच्या गाण्यात, एका ओळीतल्या वरच्या सुरावर, रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांचा आवाज फाटला होता. स्टुडिओची वेळ संपत आलेली. कुणाला कळतंय, म्हणत मालकाने ते तसंच ठेवलं. केशरबाईंना कळत होतं. ती लाज एवढी डाचली, की पुढे त्यांनी चारचौघांत गाणंच सोडलं. आज ती ओळ एकदा नीट गायची आणि सुखाने घरी जायचं, असं त्या ठरवून आल्या होत्या.

ढोलकी सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले.

“माझ्या आईच्या डोईवर तळं, तळ्यात चांदणं हाले गं...”

‘हाले’वर सूर चढला आणि टिकला, अगदी स्वच्छ. केशरबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग बायकांनी ओळ झेलली. सगळ्यांचे आवाज मिळून वर गेले आणि ‘हाले’वर, नेमक्या त्याच जागी, एकदम फाटले. म्हाताऱ्यांचे, सुनांचे, शाळकरी पोरींचेसुद्धा. आईच्या डोईवरच्या हंड्यातलं पाणी खरंच हिंदकळल्यासारखं वाटलं.

केशरबाई थांबल्या, तशी ढोलकीही थांबली. प्रियांका कावरीबावरी झाली.

“आजी, चुकलं का आमचं? आम्ही कॅसेटवरूनच बसवलंय. ती जागा जमायला मला वर्ष लागलं. तिथेच तर सगळ्यांना भरून येतं.”

केशरबाईंनी पदराने चष्मा पुसला.

“नाही गं, आत्ता मीच चुकले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणा पुन्हा. मी तुमच्यामागून म्हणते.”